दुचाकीस्वाराचा वाटाड्या

मालवणच्या दक्षिणेस, तारकर्लीच्या पुढें, देवबागची चिंचोळी पट्टी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्यें शिरलेली आहे. तिच्या टोकाशीं उभें राहिलें असतां नदीमुखापलीकडचा भोगव्याचा किनारा स्पष्ट दिसतो, आणि होडीनें तेथें जाण्यास थोडीं मिनिटें पुरतात. मोटारसायकलीवर बसलेल्या मनुष्याला मात्र आल्या वाटेनें मागें वळून, नदीच्या वरच्या अंगाला जाऊन, पूल ओलांडून, पुन्हां समुद्राच्या दिशेनें यावें लागतें. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश कितीहि अचूक ठाऊक असले, तरी ही वाट त्या आंकड्यांत लिहिलेली नसते. विजयदुर्ग, देवगड, आचरें, कोळंब, कर्ली, तेरेखोल अशा खाड्यांनीं जागोजागीं चिरलेल्या या किनाऱ्यावर ‘प्रवासी कोठें आहे’ आणि ‘त्यानें पुढें कसें जावें’ हे दोन प्रश्न अगदीं निराळे आहेत. दुचाकीसाठीं स्वस्त व उपयुक्त दिशादर्शक यंत्र घेऊं पाहणाऱ्यानें हा भेद प्रथम ध्यानांत घेणें अवश्य आहे; कारण पहिल्या प्रश्नाचें उत्तर आकाशांतून फुकट मिळतें, आणि जें दाम मोजावें लागतें तें दुसऱ्या प्रश्नासाठीं.

फुकट मिळणारें उत्तर कसें मिळतें, हें समजण्यास कठीण नाहीं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर तोफ उडाली अशी कल्पना करावी. धूर दिसल्यापासून आवाज कानीं पडेपर्यंत तीन सेकंद गेले, तर ऐकणारा तोफेपासून सुमारें एक किलोमीटरवर आहे. कारण ध्वनि सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. परंतु तेवढ्यावरून त्याची नेमकी जागा कळत नाहीं. तोफेभोंवतीं काढलेल्या एका वर्तुळावर तो कोठें तरी आहे, इतकेंच ठरतें. दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी तोफ उडाली, तर दुसरें वर्तुळ मिळतें व तें पहिल्याला दोन बिंदूंत छेदतें. त्यांपैकीं खरा कोणता, हें तिसरी तोफ सांगते. तोफेच्या जागीं उपग्रह, आवाजाच्या जागीं रेडिओलहरी आणि वर्तुळांच्या जागीं गोल घेतले, कीं जी. पी. एस. नांवाच्या योजनेचें तत्त्व हातीं आलें.

हे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, व त्यांची लहर जमिनीवर येण्यास सेकंदाचा सुमारें पंधरावा भाग लागतो. एवढा सूक्ष्म काळ मोजतांना घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांश भागानें चुकलें, तर अंतरांत तीनशें मीटरांची चूक होते. म्हणून प्रत्येक उपग्रहांत अणुघड्याळ बसविलेलें असतें. प्रवाशाच्या हातांतल्या यंत्रांत तसलें महाग घड्याळ ठेवतां येत नाहीं. त्यांतल्या साध्या घड्याळाची चूक शोधण्यासाठीं चौथ्या उपग्रहाची साक्ष घ्यावी लागते. घरांतला नभोवाणीचा संच जसा केवळ ऐकतो, बोलत नाहीं, तसेंच हेंहि यंत्र केवळ ऐकतें. त्यामुळें ऐकणारे कितीहि वाढले तरी उपग्रहावर भार पडत नाहीं, आणि कोणालाहि वर्गणी द्यावी लागत नाहीं.

ही सोय सर्वांना खुली झाली त्यालाहि इतिहास आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें या योजनेंतला पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्यें सोडला. १ सप्टेंबर १९८३ रोजीं कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दींत शिरलें व पाडलें गेलें. २६९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्याच महिन्यांत अध्यक्ष रेगन यांनीं ही योजना पूर्ण होतांच नागरी उपयोगासाठीं विनामूल्य खुली करण्याचें जाहीर केलें. १९९५ सालीं ती पूर्णपणें कार्यान्वित झाली. तथापि सामान्यांना मिळणाऱ्या संदेशांत जाणूनबुजून चूक घातलेली असे. ती मे २००० मध्यें काढून टाकण्यांत आली, आणि आज मोकळ्या आकाशाखालीं साधा मोबाईलहि सुमारें पांच मीटरांच्या आंत जागा सांगतो.

अमेरिकेच्या जोडीला रशिया, युरोप व चीन यांचेहि असे उपग्रहसमूह आहेत. भारताच्या ‘नाविक’ योजनेंतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं व सातवा २८ एप्रिल २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेला. पुढें त्यांतल्या कांहींचीं अणुघड्याळें बंद पडलीं. २९ मे २०२३ रोजीं भारतांत बनविलेलें अणुघड्याळ घेऊन नवा उपग्रह गेला. परंतु जानेवारी २०२५ मध्यें पाठविलेला त्याच्या मागचा उपग्रह नियोजित कक्षेंत पोहोंचूं शकला नाहीं. हल्लींचीं यंत्रें एकाच वेळीं अनेक देशांचे उपग्रह ऐकतात. त्यांत नाविकची भर पडली तर उत्तमच. परंतु केवळ त्या नांवासाठीं आज अधिक पैसे मोजण्याचें प्रयोजन नाहीं.

मालवणच्या मच्छीमारांना या यंत्राचा उपयोग नवा नाहीं. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही संस्था मासे सांपडण्याचा संभव कोठें आहे, त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करते. नौकेवरचा तांडेल ते आंकडे यंत्रांत घालून त्या दिशेनें नौका हांकतो. खोल समुद्रांत रस्ते नाहींत, म्हणून तेथें आंकडे पुरतात. जमिनीवर मात्र रस्ता, पूल, घाट व बंदी यांचें ज्ञान नसेल, तर आंकडे मुके राहतात. तें ज्ञान उपग्रहांत नसून नकाशांत असतें. आणि नकाशा माणसांनीं केलेला असतो.

आतां बाजारांत काय मिळतें तें पाहावें. सर्वांत स्वस्त म्हणून जें ‘जी. पी. एस.’ पुष्कळदां पुढें केलें जातें, तें वास्तविक ट्रॅकर असतें. गाडी कोठें आहे हें तें मालकाला मोबाईलवर कळवितें. चोरीच्या भयासाठीं तें ठीक आहे, पण त्याला पडदा नसतो, आणि स्वाराला तें वाट दाखवीत नाहीं. दुसरा प्रकार खास मोटारसायकलीसाठीं बनविलेल्या यंत्रांचा. ऊन, पाऊस, धूळ व हादरे सोसण्यासाठीं तीं घडविलेलीं असतात आणि हातमोजे घालूनहि चालवितां येतात. मात्र त्यांची किंमत कित्येकदां अर्ध्या लाखाच्या घरांत जाते. तिसरा प्रकार डोंगर चढणाऱ्यांसाठीं केलेल्या हातांत धरावयाच्या यंत्रांचा. तीं बळकट व थोड्या विजेवर चालणारीं असतात. पण पडदा लहान असल्यानें धांवत्या गाडीवरून तीं वाचणें सोपें नाहीं.

चौथा प्रकार बहुतेक सुशिक्षित घरांत कपाटांत पडलेला असतो. तो म्हणजे बाजूला ठेवलेला जुना मोबाईल. उपग्रह ऐकण्याचें साधन त्यांत आहेच, आणि त्यासाठीं सिम-कार्डाचीहि गरज नाहीं. प्रवासाच्या टापूचा नकाशा घरींच उतरवून घेतला, कीं रेंज नसलेल्या ठिकाणींहि तो चालतो. २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झालेला ‘ओपन-स्ट्रीट-मॅप’ हा स्वयंसेवकांनीं केलेला नकाशा सर्वांना मोफत असून, त्यावर चालणारीं अनेक अॅप्स नेटवर्कावांचून वाट दाखवितात.

नवा, महाग फोन हँडलवर लावण्यापेक्षां जुना लावणें अधिक शहाणपणाचें, याला दुसरेंहि कारण आहे. मोटारसायकलीच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांनीं आपल्या फोनांतील कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडूं शकते, असा इशारा अॅपल कंपनीनें स्वतःच सप्टेंबर २०२१ मध्यें दिला होता. जुन्या फोनाचा कॅमेरा बिघडला तरी वाट दिसतेच. आणि नवा फोन खिशांत सुरक्षित राहिल्यानें संकटसमयीं बोलण्याचें साधन शाबूत राहतें.

यास्तव खर्चाचा क्रम यंत्रापासून सुरू न करतां होल्डरपासून करावा. तो धातूचा, घट्ट बसणारा व कंपन शोषणाऱ्या रबरी जोडाचा असावा. त्यानंतर गाडीच्या बॅटरीवर चालणारा, पाण्यापासून झांकलेला चार्जर घ्यावा. त्याला फ्यूज असावा, आणि किल्ली बंद केली कीं तोहि बंद व्हावा. नाहीं तर सकाळीं बॅटरी उतरलेली सांपडावयाची. या दोन्ही वस्तु हजार-दोन हजार रुपयांत होतात. दिशा कानीं पडण्याची सोय हेल्मेटांत करून घेतली, तर पडद्याकडे वारंवार पाहण्याचें कारण उरत नाहीं. ऑक्टोबर २०२० पासून अंमलांत आलेल्या केंद्रीय नियमानें वाहन चालवितांना मोबाईलचा उपयोग केवळ मार्गदर्शनासाठीं, तोहि चालकाचें चित्त विचलित होणार नाहीं अशा रीतीनें, करतां येतो.

या युक्तीच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. भर उन्हांत फोन तापला, कीं त्याचा पडदा मंद होतो, आणि अधिक तापल्यास तो बंदहि पडतो. मुसळधार पावसांत काचेवर पडणारे थेंब त्याला बोटाच्या स्पर्शासारखे भासतात व नकाशा भलतीकडे सरकतो. ज्याला भर पावसाळ्यांत दिवसचे दिवस प्रवास करावयाचा आहे, त्यानें महाग यंत्र घेतलें तर तो खर्च वायां गेला असें म्हणतां येणार नाहीं. जो वर्षांतून दोन-तीनदां मुंबई-पुण्याहून मालवणला येतो, त्याला मात्र त्याची गरज नाहीं. तसेंच, नेटवर्क नसतां फोनाला पहिल्यानें जागा शोधण्यास वेळ लागतो. कारण उपग्रहांची स्थिति त्याला त्या मंद लहरींतूनच ऐकावी लागते. तो बिघाड नव्हे. निघण्यापूर्वीं घराच्या अंगणांत तो चालू करून ठेवावा.

आतां नकाशाकडे वळावें. कारण खरी जोखीम तेथें आहे. यंत्राला वाहन ‘दुचाकी’ आहे हें आवर्जून सांगावें. जानेवारी २०२४ मध्यें खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूवर मोटारसायकलींना मनाई आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरहि ती आहे. मोटारीसाठीं काढलेली वाट कोंकणांत निघालेल्या स्वाराला पहिल्याच टप्प्यांत बंद फाटकापाशीं नेऊन सोडील. कोल्हापुराकडून गगनबावड्यावरून उतरणारा करूळ घाट जानेवारी २०२४ मध्यें रस्त्याच्या कामासाठीं बंद झाला, तो सुमारें वर्षभर बंद होता. उतरवून ठेवलेल्या जुन्या नकाशांत तो मोकळाच दिसत राहणार. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीं नकाशा नवा करून घ्यावा.

परंतु नवा नकाशाहि सर्व जाणत नाहीं. जानेवारी २०२१ मध्यें पुण्याहून निघालेली एक मोटार आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत, यंत्रानें दाखविलेल्या वाटेनें, रात्रीं पिंपळगांव खांड धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलावर उतरली. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. त्या पुलावर वर्षांतले कांहीं महिने पाणी असतें, हें त्या टापूंतल्या लोकांना ठाऊक होतें; नकाशाला ठाऊक नव्हतें. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरांत कोसळला आणि दोन एस्. टी. गाड्या नदींत गेल्या. त्या क्षणीं पूल गेल्याचें कोणतेंहि यंत्र सांगूं शकलें नसतें. उपग्रह जागा पांच मीटरांपर्यंत बिनचूक सांगतो, आणि त्या अचूकपणामुळेंच माणसाचा विश्वास नकाशाच्या रेषेवरहि तितकाच बसतो. तो विश्वास तेवढा रास्त नाहीं.

कायद्याची एक गोष्टहि लक्षांत ठेवावी. केवळ ऐकणाऱ्या यंत्राला परवाना लागत नाहीं. परंतु परदेशांत मिळणारीं कांहीं यंत्रें उपग्रहामार्फत संदेश पाठवितातहि, आणि तसलें यंत्र अथवा सॅटेलाइट फोन भारतांत परवानगीवांचून बाळगणें हा गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्यें गोव्याच्या विमानतळावर अशाच कारणानें परदेशी प्रवाशावर कारवाई झाली. परदेशांतल्या आप्तानें प्रेमानें भेट पाठविली, तरी तीं यंत्रें घेण्यापूर्वीं तीं केवळ ऐकतात कीं बोलतातहि, एवढी चौकशी अवश्य करावी.

थोडक्यांत, बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांतील तरुणानें जुना फोन, चांगला होल्डर, चार्जर व ताजा नकाशा एवढ्यावर सिंधुदुर्गचा प्रवास खुशाल करावा, आणि उरलेल्या पैशांत चांगलें हेल्मेट घ्यावें. सोबत कागदी नकाशा ठेवावा. त्याला वीज लागत नाहीं. पावसाळ्यांत घाट उतरण्यापूर्वीं, भरतीच्या वेळीं खाडीकांठची अनोळखी वाट धरण्यापूर्वीं, अथवा रात्रीं पाण्यानें भरलेला रस्ता दिसतांच गाडी थांबवावी, आणि जवळच्या एस्. टी. स्थानकावर, चहाच्या दुकानांत किंवा वाडीवरच्या कोणाहि माणसाला पुढची वाट चालू आहे कीं नाहीं हें विचारावें. त्याला त्या ठिकाणचे अक्षांश-रेखांश सांगतां येणार नाहींत. पण सकाळपासून त्या पुलावरून कोण गेलें व कोण परत आलें, हें तो नक्की सांगेल.