हिरवी कॅप्सूल आणि हृदयाचे ठोके

जयपूरच्या सीकर रस्त्यावरचं विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र असो की आपली चाकणची एमआयडीसी, अटॅकनंतर अँजिओप्लास्टी होऊन कामगार घरी आला की कुणी ना कुणी व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल सुचवतंच. ‘अँटिऑक्सिडंट आहे, ठोके ताळ्यावर येतील.’ सांगणाऱ्याची माया खरी, सल्ला मात्र तपासून घ्यायला हवा.

गैरसमज : रक्तवाहिनी उघडली, म्हणजे ठोके बिघडायचा धोका संपला.

वस्तुस्थिती : रक्तावाचून तडफडलेल्या स्नायूत रक्त पुन्हा शिरतं, त्याच वेळी ऑक्सिजनचे मुक्त मूलक तयार होतात, पेशींत कॅल्शियम साठतं आणि लय डळमळते. बऱ्याचदा ती आपोआप सावरते. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन मात्र जिवावर बेततं, तिथे तातडीने शॉकच द्यावा लागतो. रुग्णाला मॉनिटरवर ठेवतात ते यासाठी.

गैरसमज : दोष मुक्त मूलकांचा, तर अँटिऑक्सिडंटने तो जाणारच.

वस्तुस्थिती : प्रयोगशाळेत उंदरांच्या हृदयांवर हा तर्क काही अंशी खरा ठरला. माणसांत काय होतं, याची सुरुवात जयपूरपासूनच करू. तिथल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदयरोगाच्या 105 रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला अर्जुनसालीची पूड, दुसऱ्याला रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई, तिसऱ्याला नुसतंच दिखाऊ औषध. तीस दिवसांत व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांच्या रक्तातली लिपिड पेरॉक्साइडं चांगलीच उतरली. पण हा रक्तातला आकडा झाला. त्यावरून ठोके सुधारले किंवा जीव वाचले, असं म्हणता येत नाही. ते पाहायला हजारो रुग्ण आणि कित्येक वर्षं लागतात. इटलीत नुकताच अटॅक येऊन गेलेल्या 11,324 जणांवर साडेतीन वर्षं असा अभ्यास झाला. 1999 चा त्याचा निष्कर्ष : मृत्यू, पुन्हा अटॅक आणि पक्षाघात यांच्या एकत्रित प्रमाणात व्हिटॅमिन ईने ठोस फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये 20,536 जणांना पाच वर्षं ई, सी आणि बीटा कॅरोटिन किंवा दिखाऊ गोळ्या दिल्या. 2002 मध्ये तिथूनही उत्तर तेच आलं.

गैरसमज : फायदा नसेना का, तोटा तर नाही!

वस्तुस्थिती : आहे. रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं, असं 2005 मध्ये एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. स्टेंटनंतर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असतात. त्यांत व्हिटॅमिन ईचा मोठा डोस मिसळला, तर रक्तस्राव वाढू शकतो. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती कॅप्सूलच्या भरवशावर रोजच्या गोळ्या सोडणाऱ्यांची.

आवळा, पेरू, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे जरूर खा, पण पथ्य असेल तर ते सांभाळून. लय राखण्यासाठी डॉक्टर पोटॅशियम तपासतात, हृदयाची पंपिंगची ताकद पाहतात, बीटा ब्लॉकर देतात. त्या तपासण्या आणि गोळ्या चुकवू नका. आणि अटॅकनंतर धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कॅप्सूल शोधत बसू नका, लगेच 108 ला फोन करा.