पेनांग, पाऊस आणि पाच फूट

ऑफिसात मला सगळे 'एक्सेल क्वीन' म्हणतात. त्यामुळे सिंगापूरहून निघालेल्या आमच्या क्रूझचा पेनांगमधला एक दिवसही मी शीटमध्ये बसवला होता. साडेनऊला पेनांग हिलची फ्युनिक्युलर, बाराला जेवण, मग खू कोंग्सी, मग फोटो, साडेचारला बोटीवर परत. सोबत आई. तिची पहिली परदेशवारी, माझ्या बोनसमधून!

आणि सकाळी नऊला स्वेटनहॅम पिअरवर उतरलो तर... धो धो पाऊस! ऑक्टोबर म्हणजे पेनांगच्या सगळ्यात ओल्या महिन्यांपैकी एक. पण आपण बुकिंग करतो ते दिवाळीची सुट्टी बघून, ढग बघून थोडंच? ८३३ मीटरची टेकडी ढगात गडप. बोटीच्या टूरच्या बसेस निघून गेलेल्या, आणि पैसे वाचवायला ती टूर मीच नाकारलेली. (लक्षात ठेवा, बोटीच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर बोट थांबते. आपले आपण भटकणाऱ्यांसाठी सहसा नाही.)

माझा मूड फुल ऑफ. "अगं, आपण काय मिठाच्या आहोत का विरघळायला?" म्हणत आईने छत्री उघडली. तिचं घड्याळ अजून भारतीय वेळेवर, म्हणजे अडीच तास मागे. बदलायला ती तयारच नाही.

बंदराजवळच साठ फुटी घड्याळाचा मनोरा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून, वर्षाला एक फूट. (असं अप्रेझल आपलं कधी होणार?) तिथून बीच स्ट्रीटला वळलो आणि छत्रीची गरजच संपली.

जॉर्जटाउनच्या जुन्या घरांना खाली दुकान, वर बिऱ्हाड. प्रत्येक घराचा वरचा मजला पुढे आलेला आणि त्याच्याखाली फुटपाथ, साधारण पाच फूट रुंद. इंग्रजीत 'फाइव्ह-फूट वे', मलायमध्ये 'काकी लिमा'. काकी म्हणजे पाऊल, लिमा म्हणजे पाच. रॅफल्सने १८२२ मध्ये सिंगापूरच्या आखणीत असे झाकलेले रस्ते सक्तीचे केले होते, त्यांचेच हे भाऊबंद. ऊन-पाऊस दोन्ही बाहेर. फक्त मध्येच कुणाची स्कूटर, कुणाची पोती... मग खाली उतरा, भिजा, पुन्हा चढा.

दर दोन-चार घरांपाशी आई रेंगाळत होती. दाराबाहेर चपला, उंबऱ्याशी छोटं लाल देवघर आणि उदबत्ती, कुणी आजोबा वेताच्या खुर्चीत पाऊस बघत. "गॅलरीच आहे गं ही," ती म्हणाली.

इथे मी गप्प झाले. गेल्या वर्षी आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी झाली. सहीसाठी आईला मीच तयार केलं होतं. पावसाळ्यात तिथल्या गॅलरीत अख्ख्या मजल्याच्या छत्र्या उघड्या वाळत असायच्या. आता आम्ही ठाण्यात चौदाव्या मजल्यावर भाड्याने. शेजारचं दार आईने अजून उघडं पाहिलेलं नाही. ती कधी तक्रार करत नाही, आणि मला तेच टोचतं.

आर्मेनियन स्ट्रीटवर सायकलवरच्या दोन मुलांचं भित्तिचित्र आहे. अर्नेस्ट झकारेविचने २०१२ मध्ये काढलेलं, खरी सायकल भिंतीत बसवलेली. एरवी फोटोसाठी रांग असते म्हणे. पावसामुळे आम्ही दोघीच! पण फोटोत आई चित्राकडे नाही, शेजारच्या घराकडे बघतेय.

लिटल इंडियात दिवाळीची गाणी जोरात. केळीच्या पानावर जेवलो, मग तेह तारिक. दोन भांड्यांत उंचावरून ओतून फेसाळ केलेला, कन्डेन्स्ड मिल्कचा चहा. गल्ल्यावरच्या तमिळ मावशींशी आईच्या गप्पा सुरू, निम्म्या हिंदीत, निम्म्या हातवाऱ्यांत. "ओल्ड पीपल, ऑल गॉन," मावशी समोरच्या हॉटेलकडे बोट दाखवत म्हणाल्या.

मी आईला समजावलं. मलेशियाने जुना भाडे नियंत्रण कायदा मोडीत काढला, २००० पासून भाडी मोकळी सुटली आणि इथले कितीतरी जुने भाडेकरू बाहेर गेले. युनेस्कोचा शिक्का आला २००८ मध्ये. मग कॅफे, हॉटेलं.

"मग त्यांना परत घर मिळालं?"

"नाही."

"आपल्याला मिळेल ना गं?"

"करारात लिहिलंय, आई."

"लिहिलंय ते ठाऊक आहे मला."

मी मोबाइल बघितला. तीन चाळीस! आईच्या मते आत्ताशी एक दहा. अहो, धावलो! स्कूटर, पोती, पायऱ्या, एक चप्पल जवळजवळ गटारात. चार पंचवीसला आम्ही गँगवेवर, कार्ड पंच करताना दोघींची नुसती हसाहस.

आमची केबिन सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीची. आईने दार सताड उघडं ठेवलं आणि ओली छत्री उघडून सरळ बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये वाळत टाकली. स्ट्यूअर्ड आला, छत्रीकडे बघितलं, आईकडे बघितलं. आई त्याला मराठीत म्हणाली, "राहू दे रे, तासाभरात वाळेल."