पाकीट छापणारं मशीन सर्किट छापेल का?

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही जमत नाही, आणि मराठी विभागाची संपादिका माझी रूम पार्टनर नसती तर हा लेख तुमच्यापर्यंत आलाच नसता. पण विषयच असा आहे की तो वाचला मी इंग्लिशमध्ये आणि समजला मराठीत. तोही जळगावच्या एमआयडीसीत, माझ्या मामांच्या मशीनपाशी उभं राहून.

झालं असं, की थर्ड इयरच्या सेमिनारला मी 'रोल-टू-रोल प्रिंटिंग ऑफ फ्लेक्सिबल इलेक्ट्रॉनिक्स' हा टॉपिक घेतला. नाव भारी वाटलं, एवढंच कारण. पीपीटी झकास झाली होती. वाकणारे डिस्प्ले, गुंडाळता येणारे सोलर पॅनल, सगळं होतं. पण सरांनी पहिल्याच स्लाइडला विचारलं, "हा रोल फिरताना तू कधी पाहिलास?" मी म्हटलं, "नो सर." "मग आधी बघून ये." क्लास हसला, मी बसले.

शनिवारी धुळ्याला घरी गेल्यावर आईला हे रडगाणं ऐकवलं. ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "अगं, तुझा मामा वीस वर्षं दुसरं काय करतोय?"

खरंच की! शाळेत असताना मैत्रिणींना मी 'मामा प्रिंटिंगमध्ये आहेत' एवढंच सांगायचे. ते नेमकं काय छापतात हे कधी विचारलंच नव्हतं. ते वेफर्सची, डाळीची, मसाल्याची पाकिटं छापतात. पुढच्या रविवारी मालकांची परवानगी काढून त्यांनी मला शॉप फ्लोअरवर नेलं.

मशीन रोटोग्रॅव्हिअरचं. एका टोकाला कोऱ्या फिल्मचा रोल सुटत जातो, दुसऱ्या टोकाला छापलेला रोल गुंडाळला जातो. मध्ये प्रत्येक रंगाचं एक युनिट. त्यात तांब्याचा थर आणि वर क्रोम चढवलेला सिलिंडर, आणि त्यावर कोरलेले डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे. सिलिंडर शाईत बुडून वर येतो, डॉक्टर ब्लेड नावाची पातळ पट्टी जादा शाई पुसते, खड्ड्यांत उरलेली शाई फिल्मवर उतरते. मग गरम हवेत सुकणं आणि पुढचा रंग. बस, हेच रोल-टू-रोल! शाईत रंगाऐवजी चांदीचे कण किंवा वीज वाहणारं पॉलिमर घातलं की झालं छापील इलेक्ट्रॉनिक्स. (वीज वाहणारं प्लास्टिक ही थाप नाही. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना त्यासाठी २००० साली केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.)

मी हे मामांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "मग आमच्या मशीनवर होईल का ते?"

गंमत म्हणून विचारलेला प्रश्न नव्हता तो. त्यांच्याकडे दोन मशीनं आहेत, त्यातलं एक महिन्यातले बरेच दिवस झाकून ठेवलेलं असतं.

मी उत्तर शोधायला लागले तेव्हा पहिल्यांदा समजलं, की अडचण शाईत कमी आणि फिल्ममध्ये जास्त आहे. मामा चालत्या मशीनपाशी गेले, दोन रोलरच्या मधल्या ताणलेल्या फिल्मवर बोटांनी हलकी थाप मारली आणि म्हणाले, "हे पाय बरं, ढिली आहे." माझ्या कानाला काहीच फरक कळला नाही. त्यांनी एक नॉब थोडासा फिरवला. "आपण टेन्शन घ्यायचं नाही, रोलला द्यायचं," हा त्यांचा ठरलेला जोक.

होस्टेलवर येऊन मी गणित मांडलं. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचा एवढा उपयोग मला आजवर झाला नव्हता. समजा, पीईटी फिल्म १२ मायक्रॉन जाड आणि एक मीटर रुंद आहे. तिचा यंग्ज मॉड्युलस साधारण ४ गिगापास्कल. ताण १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलो वजन टांगल्यासारखा. एवढ्या ताणाला फिल्म दर मीटरमागे साधारण २ मिलिमीटर लांबते. लांबू दे, सगळीकडे सारखीच लांबली तर बिघडत नाही. पण ताण नुसता १० न्यूटनने कमीजास्त झाला की दर मीटरमागे ०.२ मिलिमीटरचा फरक पडतो. दुसरा रंग पहिल्यावर बसताना तेवढा सरकतो. फिल्मचं तापमान दहा अंशांनी बदललं तरी जवळपास तेवढाच फरक! मे महिन्यात दुपारी जुळवलेलं रजिस्ट्रेशन रात्रपाळीत पुन्हा जुळवावं लागतं, असं मामा का म्हणतात ते आता मला आकड्यांत समजलं.

वेफर्सच्या पाकिटावर ०.२ मिलिमीटर म्हणजे पिवळ्या अक्षराला जराशी लाल कड. गिऱ्हाईक बघतसुद्धा नाही. पण छापील ट्रान्झिस्टरमध्ये सोर्स आणि ड्रेन यांच्यात काही दहा मायक्रॉनची फट असते आणि गेट नेमकं त्या फटीवर बसावं लागतं. ०.२ मिलिमीटर म्हणजे २०० मायक्रॉन. गेट शेजारच्या गल्लीत जाऊन बसलं म्हणा ना! मशीन मिनिटाला १५० मीटर धावत असेल तर २०० मायक्रॉन अंतर ८० मायक्रोसेकंदांत संपतं. कडेला छापलेली आयमार्कची खूण सेन्सरने वाचायची, कंट्रोलरने हिशोब करायचा, मोटरने सिलिंडर पुढे-मागे करायचा, आणि हे सगळं न चुकता.

सुकवण्याचं दुखणं वेगळंच. साधी शाई क्षणात सुकते. चांदीच्या शाईचं नुसतं सुकून भागत नाही, तिचे कण एकमेकांना चिकटायला हवेत, नाहीतर वीज वाहत नाही. त्यासाठी १३०-१५० अंश आणि काही मिनिटं लागतात. दोन मिनिटं धरली तर १५० मीटरच्या स्पीडला ओव्हन ३०० मीटर लांब हवा! शिवाय तेवढ्या उष्णतेत पीईटी आक्रसते ती वेगळीच. यावर झेनॉन दिव्याच्या झोताचा उपाय आहे. मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ प्रकाश पडतो, काळपट शाई तापते, पारदर्शक फिल्म मात्र जवळजवळ थंड राहते. मला तरी ही आयडिया फार आवडली. मामांचा प्रश्न एकच, "तो दिवा केवढ्याला?"

मग काहीच होत नाही का? तसं नाही. लॅबमधला एक मेलेला कीबोर्ड मी स्क्रू काढून उघडला (लॅब असिस्टंट काकांना विचारून). आत पारदर्शक फिल्मचे तीन थर निघाले. वरच्या आणि खालच्या थरावर करड्या चांदीच्या रेघा, मधल्याला नुसती भोकं. बटण दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते. फिल्म बोटाला गुंडाळली आणि मल्टीमीटर लावला, रेघ शाबूत. आजीच्या शुगरच्या स्ट्रिप्स घ्या, बऱ्याच स्ट्रिप्समध्ये कार्बनचे इलेक्ट्रोड छापलेले असतात. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये अ‍ॅल्युमिनियमची अँटेना असते. असे अँटेना करताना अनेकदा अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवलेल्या फिल्मवर ग्रॅव्हिअरने संरक्षक शाई छापतात आणि उरलेलं अ‍ॅल्युमिनियम केमिकलने खाऊन टाकतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. रेघा रुंद आणि थर मोजके. थरावर थर मायक्रॉनमध्ये जुळवायची भानगडच नाही.

प्रकाशाच्या वस्तूंचंही तेच. नव्या नंबर प्लेटवर अशोकचक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा चमकणारा होलोग्राम असतो ना, तसे होलोग्राम निकेलचा साचा गुंडाळलेल्या रोलरने गरम फिल्मवर दाबून, रोलच्या रोल काढता येतात. त्यातले चर साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, तरी जमतं, कारण साचा एकच. आणि हे आपल्यापासून लांब नाही. अजिंठ्याचा घाट ओलांडला की छत्रपती संभाजीनगर. तिथे वाळूज आणि चिकलठाण्याला गरवारे हाय-टेक फिल्म्सचे (२०२१ पर्यंतचं नाव गरवारे पॉलिएस्टर) कारखाने आहेत. तिथे पॉलिएस्टर फिल्मही बनते आणि काचेला लावायची सन कंट्रोल फिल्मही. ऊन अडवणारी फिल्म ही सुद्धा ऑप्टिकल वस्तूच, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तिची किंमत कुणाला सांगायला नको.

पण थर वाढले की काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कोनार्कच्या सूर्यमंदिरावरून नाव घेतलेली कोनार्का नावाची कंपनी प्लास्टिकवर सोलर सेल छापायची. २००८ साली तिने न्यू बेडफर्ड इथे पोलरॉइडच्या जुन्या कारखान्यात मोठी रोल-टू-रोल लाइन टाकली. २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. छापता येत होतं, पण सिलिकॉनच्या मानाने वीज कमी आणि आयुष्यही कमी. असे सेल हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा यांनी खराब होतात, म्हणून वर महागडी बॅरियर फिल्म लागते. आणि तोवर सिलिकॉनचे भाव कोसळले होते. आमच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. तिथे आजही कडक पॅनलच्या रांगा उभ्या आहेत. गुंडाळता येणारं पॅनल माझ्या पीपीटीत फार छान दिसतं, साक्रीच्या उन्हात वर्षानुवर्षं टिकणं वेगळं.

सेमिनार झाला. सरांनी या वेळी ताणाचं गणित पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच चूक काढली (मी लोड सेल आणि डान्सर रोलर यांची अदलाबदल केली होती). त्या शनिवारी जळगावला मामांकडे जेवायला गेले आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तुमच्या मशीनवर ट्रान्झिस्टर होणार नाही. फास्टॅगसारख्या टॅगच्या अँटेनाची संरक्षक शाई मात्र छापता येईल असं वाटतं. एकच थर आहे, रेघाही रुंद आहेत. पुढे केमिकलची टाकी लागेल, तिच्या सांडपाण्याची सोय लागेल, आणि चिप बसवायचं मशीन ज्याच्याकडे आहे असा घेणारा लागेल.

मामांनी वरणावर तूप वाढून घेतलं. थोडा वेळ हिशोब केल्यासारखे गप्प बसले.

"शाई फिल्मऐवजी फॉइलवर बसवायची म्हणजे खड्डे वेगळे कोरायला लागतील," ते म्हणाले. "नवा सिलिंडर. त्याचे पैसे आधी कोण देणार?"

हे माझ्या पीपीटीत नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं.