नकाशात न दिसलेला नट

आजच्या भागाचं हे लेखी रूप, थोडं आवरून-सावरून.

चिपला ‘आर्किटेक्चर’ कशाला म्हणायचं? तिथे कुठे भिंती-खिडक्या आहेत? हा शब्द रुजला तो १९६४ साली, आयबीएमच्या सिस्टिम/३६० मुळे. जीन अम्डाल, गेरिट ब्लाउ आणि फ्रेड ब्रूक्स यांनी त्याचा अर्थ साधारण असा लावला : प्रोग्राम लिहिणाऱ्याला मशीन जसं दिसतं आणि वागतं, ते आर्किटेक्चर. आत सर्किट कसं बांधलंय, हा वेगळा विषय.

आता गंमत बघा. या कुटुंबातल्या छोट्या मॉडेल ३० च्या आत आकडे ८-८ बिटांच्या तुकड्यांत फिरायचे, पण प्रोग्रामला सरळ ३२ बिटांचं रजिस्टर दिसायचं. तोच प्रोग्राम मोठ्या मॉडेलवर झपाट्याने चालायचा, उत्तर मात्र तेच. तुमच्या फोनचंही तसंच आहे. स्नॅपड्रॅगन असो की मीडियाटेक, दोन्ही आर्म आर्किटेक्चर पाळतात, म्हणून एकच ॲप दोन्हींवर चालतं.

याला म्हणतात ॲब्स्ट्रॅक्शन. पुस्तकी मराठीत ‘अमूर्तीकरण’. मी आपला ‘काय दाखवायचं नाही ते ठरवणं’ असं म्हणतो. इमारतीचा नकाशाही हेच करतो. १:१०० च्या प्लॅनमध्ये एक मीटरची भिंत एक सेंटीमीटर होते. त्यात नट-बोल्ट दिसणार नाहीत, दिसूही नयेत, नाहीतर तो वाचणार कोण? पण जे दाखवलं नाही त्याचा हिशोब कुणीतरी करायला हवा, आणि गोची तिथेच होते.

अमेरिकेत कॅन्सस सिटीला हयात रीजन्सी हॉटेल होतं. लॉबीच्या वर दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर बरोबर एकाखाली एक असे दोन पादचारी पूल, छतापासून पोलादी सळ्यांनी टांगलेले. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून खालच्या पुलापर्यंत सळी अखंड होती. पण वरच्या पुलाचा नट जागेवर न्यायचा तर लांबच लांब सळीला आटे पाडावे लागणार. कटकट! म्हणून सळीचे दोन तुकडे केले : एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत.

लांबून बघाल तर काहीच फरक नाही. आता आजीच्या घरचं शिंकं आठवा. एकाच दोराला वर-खाली दोन शिंकी बांधली, तर प्रत्येक गाठ आपापलं वजन पेलते. पण दुसरं शिंकं पहिल्याच्या बुडाला टांगलं, की पहिल्याच्या गाठीवर दोन्हींचं वजन. छताला जाणवणारं ओझं तेवढंच राहतं, गाठीचं मात्र दुप्पट होतं.

चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटांचं नेमकं हेच झालं. बदललेल्या शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरांची मोहोर लागली, पण त्या सांध्याचं गणित कुणी मांडलं नाही. पुढे चौकशीत निघालं की मूळचा सांधासुद्धा नियमाला हव्या असलेल्या भाराच्या सुमारे ६० टक्केच पेलू शकला असता. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी लॉबीत नाचाचा कार्यक्रम रंगला होता, आणि दोन्ही पूल खाली आले. ११४ माणसं गेली. दोनशेहून जास्त जखमी झाली.

चिपमध्ये माणसं मरत नाहीत, पण दाखवलं नाही ते तिथेही अंगाशी येतं. वेळ वाचवायला प्रोसेसर पुढच्या कामाचा अंदाज बांधून ते आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर उत्तर फेकून देतो. आर्किटेक्चरच्या नियमांप्रमाणे काही घडलंच नाही! पण कॅशमध्ये, म्हणजे चिपच्या हाताशी असलेल्या छोट्या मेमरीत, खुणा उरतात. कुठली माहिती पटकन मिळते आणि कुठलीला वेळ लागतो, हे मोजून चोरटा प्रोग्राम दुसऱ्याचं गुपित ओळखू शकतो. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेले मेल्टडाउन आणि स्पेक्टर ते हेच. नियमपुस्तक उत्तर काय येईल ते सांगत होतं, किती वेळात येईल ते नाही. नंतरच्या अपडेट्सनी बरीच भोकं बुजवली, पण काही कामांत मशीन थोडी मंदावली.

चला, पुढच्या भागात भेटू. घराच्या ब्रोशरमधल्या प्लॅनमध्ये बीम दाखवलेत का, तेवढं बघून कळवा.