गॅलरी

आमच्या गिरगावातल्या घराला दार होतं, पण ते दिवसाउजेडी लावलेलं मला आठवत नाही. दुसरा मजला, एका ओळीत अकरा बिऱ्हाडं आणि त्यांच्यापुढून जाणारी लाकडी कठड्याची गॅलरी. पाढे आम्ही तिथेच पाठ केले, उन्हाळ्यात पापड तिथेच वाळले. आईला कामावरून यायला उशीर झाला, तर मी कुणाकडे जेवले हे तिला विचारावं लागत नसे. गॅलरीतून येता येताच तिला ते कळायचं. १८९३ साली जिथे सार्वजनिक गणपती बसला, ती केशवजी नाईकांची चाळ आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. शेजार ही गोष्ट हवेसारखी असते, ती कुणाला मुद्दाम करावी लागत नाही, असाच माझा समज होता.

२००७ च्या मार्चमध्ये लग्नानंतर मी अ‍ॅमस्टरडॅमला आले. नवरा एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. शहराच्या आग्नेयेला झुइडओस्ट नावाचा भाग आहे, तिथे त्याने घर घेतलं होतं. सातवा मजला, लिफ्टपासून नववं दार. दारांपुढून एक लांबच लांब सज्जा गेला होता, त्याला कठडा. याला इथे काय म्हणतात, असं मी विचारलं. तो म्हणाला, "खालराय. म्हणजे गॅलरीच." मला इतका आनंद झाला की सामान खाली ठेवायच्या आधी मी त्या टोकापासून या टोकापर्यंत चालून आले.

पुढचे पाच महिने त्या गॅलरीत माझ्याशी कुणी बोललं नाही.

मी रागावले होते, हे खरं. मग हळूहळू या वस्तीची हकिगत कळत गेली आणि राग निवळला. झुइडओस्टचा गाभा म्हणजे बाइल्मर. डिसेंबर १९६६ मध्ये इथे पहिला खांब रोवला गेला आणि १९६८ मध्ये पहिलं कुटुंब राहायला आलं. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिएंच्या विचारांचा त्या काळच्या नगररचनाकारांवर मोठा पगडा होता. कामाची जागा वेगळी, राहण्याची वेगळी. मोटारी उंचावरच्या रस्त्यांवरून जाणार, खाली फक्त चालणारे, सायकली आणि झाडं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनी वळणाचे दहा-दहा मजली फ्लॅट; इथे अख्ख्या इमारतीलाच फ्लॅट म्हणतात. त्यांतला क्लाइबर्ख नावाचा एकच फ्लॅट घ्या: लांबी चारशे मीटर, घरं पाचशे. कागदावर सुंदर दिसणारं हे शहर ज्या मध्यमवर्गीय डच कुटुंबांसाठी बांधलं, ती मात्र फारशी आली नाहीत. त्यांना पुढे-मागे बाग असलेली बुटकी घरं हवी होती, आणि तशी घरं आजूबाजूच्या नव्या गावांत मिळू लागली होती. मेट्रो यायलाही १९७७ उजाडलं. घरं रिकामी पडली.

त्याच वेळी समुद्रापलीकडून माणसं येत होती. २५ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरिनाम हा दक्षिण अमेरिकेतला डच मुलूख स्वतंत्र झाला. त्याच्या आगेमागे हजारो सुरिनामी कुटुंबं इथे आली आणि त्यांना घर द्यायला लोक नाखूश होते. १९७४ मध्ये ख्लिपहूव नावाच्या फ्लॅटमधल्या रिकाम्या घरांत अशी कुटुंबं परवानगीशिवाय शिरली आणि राहू लागली. मागोमाग घाना, अँटिलीज बेटं, तुर्कस्तान, पाकिस्तान इथून लोक आले. आज झुइडओस्टमध्ये शंभराहून जास्त देशांतून आलेली माणसं राहतात. चाळीत निदान सगळ्यांना सत्यनारायणाच्या प्रसादाची चव ठाऊक असते. इथे एका गॅलरीत जितकी दारं, तितक्या भाषा. कुणी कुणाशी बोलायला सुरुवात कुठून करायची?

आमच्या गॅलरीत सुरुवात दह्यापासून झाली.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी आमटीला फोडणी दिली होती. इथल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीकडे असते. घंटी वाजली. दारात साठी उलटलेल्या बाई, डोक्यावर पातळ ओढणी, हातात स्टीलची वाटी. त्यांनी एकच शब्द उच्चारला, "दही?" त्यांच्याकडे त्या दिवशी कथा होती, पंचामृताला घरचं दही हवं होतं, आणि हिंगाच्या वासावरून या घरात ते असणार असं त्यांनी ओळखलं होतं. मागून त्यांचा नातू धावत आला आणि ओरडला, "आजी!" माझ्या हातून वाटी पडायची राहिली. अ‍ॅमस्टरडॅमच्या सातव्या मजल्यावर एक मूल आपल्या आजीला आजी म्हणत होतं.

त्यांची भाषा सरनामी. भोजपुरी आणि अवधी मुलखातल्या बोलींतून सुरिनाममध्ये घडलेली. तिच्यात वडिलांच्या आईवडिलांना आजा-आजी म्हणतात. हा शब्द कोणत्या वाटेने इथवर आला, ते आजींनीच मला सांगितलं. सुरिनाममध्ये गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी संपली, पण मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर राबणं सक्तीचं होतं. १८७३ मध्ये ती मुदत सरली आणि मळेवाल्यांना मजूर कमी पडले. त्याच वर्षी ५ जूनला 'लल्ला रूख' हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांना घेऊन पारामारिबोला लागलं. १९१६ पर्यंत अशी सुमारे चौतीस हजार माणसं गेली. त्यांतली साधारण एकतृतीयांश परतली, बाकीची तिथलीच झाली. आजींचे आजोबा त्या चौतीस हजारांतले एक.

संध्याकाळी वाटी परत आली ती भरून. रिकामी वाटी परत करायची नाही, हा नियम गिरगावातून निघून सुरिनामला कधी गेला असेल असं नाही; तो दोन्हीकडे आधीपासूनच असणार. वाटीत बारा होते. बारा म्हणजे आपला वडाच, उडदाचा. आजींकडून तो मी पुढे शिकले. उडदाच्या पिठात अळूच्या जातीचं एक पान बारीक चिरून घालतात, लसूण, जिरं आणि पिवळी झणझणीत मिरची, आणि पीठ फुगायला ठेवतात. हाताला पाणी लावून गोळा तळव्यावर थापायचा, मधोमध बोटाने भोक पाडायचं आणि अलगद तेलात सोडायचा. पान घातलं नाही तर तो बारा नाही, असं आजी बजावतात. मी त्यांना अळूवडी करून दिली, तेव्हा पहिला घास घेऊन त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे पान आम्ही बरोबर नेलं नव्हतं. ते तिथे आम्हाला भेटलं."

दुसऱ्या बाजूच्या दारात एक डच आजोबा राहायचे, इथे सत्तरच्या दशकापासून. डच माणूस न सांगता कुणाच्या दारात जात नाही. चहालाही आधी वेळ ठरवतात. पण इथे एक रीत आहे. तुम्ही घरी नसलात की तुमचं पार्सल शेजारी देतात आणि तुमच्या पेटीत घराचा नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकतात. आमच्या गॅलरीतली सगळी पार्सलं आजोबांकडे. घानाहून आलेल्या एका बाईंना विगची खोकी, आम्हाला सांगलीहून हळद. त्या चिठ्ठ्या घेऊन दार वाजवता वाजवता मी डच शिकले. बोलायला धीर आला तो क्लासपेक्षा तिथे जास्त.

घानाच्या बाईंचा मोठा मुलगा क्वाकू. क्वाकू म्हणजे बुधवारी जन्मलेला. १ जुलै १८६३ हा दिवसही बुधवारच होता, म्हणून सुरिनाममध्ये ते नाव मुक्तीची खूण झालं. १९७५ च्या उन्हाळ्यात सुट्टीत कुठे जायला पैसे नसलेल्या पोरांसाठी इथल्या मैदानात फुटबॉलचे सामने सुरू झाले, त्यांचा मोठा उत्सव झाला, आणि त्यालाही क्वाकू हेच नाव आहे. तिथे गेलं की ओळखीचा माणूस विचारतो, "फा वाका?" सुरिनामच्या स्रानान भाषेत 'वाका' म्हणजे चालणं. कसं चाललंय? शब्दाला शब्द आपलाच प्रश्न.

या वस्तीचं दुःख मला आजींनी दाखवलं. ४ ऑक्टोबर १९९२, रविवारची संध्याकाळ. इस्रायलच्या एल अल कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ इथल्या ख्रूनेफेन आणि क्लाइन-क्राउतबर्ख या फ्लॅटांवर कोसळलं. मृतांचा अधिकृत आकडा ४३. पहिल्या दिवसांत तो दोनशेच्या वर जाईल अशी भीती होती, कारण इथे नोंदणीशिवाय राहणारे बरेच होते आणि कुठल्या घरात कोण होतं हे कोणत्याच कागदाला नीट ठाऊक नव्हतं. आणखीही माणसं गेली, असं इथले लोक पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले. जवळचं एक झाड त्या आगीतून वाचलं. 'सगळं पाहिलेलं झाड' असं त्याचं नाव. दर ४ ऑक्टोबरला तिथे माणसं जमतात. पहिल्यांदा गेले तेव्हा आजींनी माझा हात धरून सांगितलं, "बेटी, शेजारच्या घरात कितीजण आहेत, हे माहीत असावं." त्यानंतर मी आमच्या गॅलरीतल्या प्रत्येक घरातली माणसं मोजून ठेवली. आजही मला ती पाठ आहेत.

आता एक घरची गोष्ट. नवऱ्याची रात्रपाळी असायची. इथली मेट्रो पुलावरून धावते, तिच्या खिडकीतून आमचा फ्लॅट दिसतो. मी झोपण्याआधी स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवायची. तो गाडीतून सातवा मजला मोजायचा, मग लिफ्टपासून नववा दिवा. आम्ही दोघं फार बोलणारी माणसं नाही, लग्नही पाहून-सवरून झालेलं. पण तो दिवा त्याने कधी चुकवला नाही आणि मी कधी मालवला नाही.

२०१० च्या जानेवारीत मला बाळंतपणासाठी इस्पितळात ठेवलं. त्या रात्री तो कपडे न्यायला घरी निघाला. घर अंधारात असणार हे ठाऊक असून त्याने सवयीने खिडकीतून मोजलं, आणि नववा दिवा जळत होता. आमची एक किल्ली आजींकडे असायची. संध्याकाळी त्यांनी आत येऊन दिवा लावला होता, ओट्यावर खिचडी झाकून ठेवली होती. त्याने मला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. लग्नानंतर तीन वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

मुलगी घरी आली तेव्हा इथल्या पद्धतीप्रमाणे आठवडाभर एक परिचारिका बाळ-बाळंतिणीची काळजी घ्यायला घरी येत होती. डच आजोबा पहिल्यांदाच न ठरवता दारात आले, हातात गुलाबी-पांढऱ्या 'माउश्येस'चं खोकं. साखरेत घोळवलेली बडीशेपेच्या जातीची ही बी लोण्याच्या टोस्टवर पसरून बाळाला बघायला येणाऱ्यांना देतात. तिने आईला दूध येतं, असं जुने लोक मानतात. आईने मुंबईहून बाळंतशेपा पाठवल्या होत्या. मी दोन्ही बिया बशीत शेजारी शेजारी ठेवल्या आणि आजोबांना दाखवल्या. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

बाइल्मरचे बरेचसे जुने फ्लॅट आता पाडले गेले आहेत. चारशे मीटरचा क्लाइबर्खही पाडायचाच होता. तो एका युरोला विकला गेला, रहिवाशांनी आतली घरं आपापली सजवली, आणि २०१७ मध्ये त्याला वास्तुकलेतला युरोपचा मोठा मीस फान डेर रोहे पुरस्कार मिळाला. वस्ती दुभंगणारा हमरस्ता २०२० मध्ये तीन किलोमीटर लांबीच्या बोगद्यात गेला आणि त्याच्या छतावर बाग झाली. तिचं नाव ब्रासापार्क. स्रानानमध्ये 'ब्रासा' म्हणजे मिठी. डच आजोबा आज नाहीत. आजी ब्याऐंशीच्या आहेत. मुलगा त्यांना हेगला न्यायला बघतो, त्या जात नाहीत.

इकडे आमची गिरगावातली चाळही रिकामी होते आहे, टॉवर होणार आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळालं. फार चांगलं झालं. माझ्या आईने आयुष्यभर सामाईक संडासापुढे रांग लावली. चाळीच्या आठवणी काढून तिला कुणी तिथे परत बसवू नये. पण फोनवर ती विचारते, नव्या घरात गॅलरी नाही, मग शेजार कसा होणार?

मी तिला सांगते, गॅलरीने शेजार होत नाही. मी गॅलरीत पाच महिने एकटी राहिले आहे. माझा शेजार एका बाईने वाटी घेऊन दार वाजवलं तेव्हा झाला. आपल्याला देणं सोपं जातं, त्यात मान राहतो. मागायला संकोच वाटतो. पण मागणारा माणूस समोरच्याला सांगत असतो की मला तुझी गरज आहे, आणि नात्याची सुरुवात तिथूनच होते.

तुम्हीही कुठे नव्या इमारतीत राहायला गेला असाल, विसाव्या मजल्यावर, समोरच्या दारावरचं नावही न वाचता, तर दूध उतू जाण्याची वाट बघू नका. आजच शेजारी जा आणि वाटीभर विरजण मागा.