ठासणीच्या बंदुकीची ओळख

नाशिक, चांदवड, मालेगाव या बाजूच्या जुन्या वाड्यांची दुरुस्ती निघाली म्हणजे माळ्यावरच्या अडगळीतून कधीकधी एखादी अडीच-तीन हात लांबीची गंजलेली लोखंडी नळी खाली येते. तिच्याबरोबर एखादा वाकडा आकडा, एखादी छिद्रे पाडलेली पट्टी, एखादे पितळी कडे असे तुकडेही सापडतात. घरातील मंडळींना त्यांचा काही बोध होत नाही. नळी पाण्याच्या नळाचा तुकडा समजून मोडीच्या भावाने विकली जाते आणि उरलेले तुकडे केरात जातात. वास्तविक ती नळी दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या ठासणीच्या बंदुकीची असू शकते. तिची ओळख पटली नाही तर इतिहासाचा एक पुरावा नाहीसा होतो आणि प्रसंगी माणसाचा जीवही धोक्यात येतो. यासाठी अशा बंदुकीचे भाग कसे ओळखावेत हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

ज्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते, ती ठासणीची बंदूक होय. आजच्या बंदुकीत काडतूस मागील बाजूने भरतात; ठासणीच्या बंदुकीची नळी मागील बाजूस कायमची बंद असते. साधा नळ आणि बंदुकीची नळी यांतील पहिला भेद हाच. नळाची दोन्ही तोंडे उघडी असतात व त्याची जाडी सर्वत्र सारखी असते. बंदुकीची नळी बुडाशी जाड असते आणि तोंडाकडे निमुळती होत जाते, कारण दारूचा स्फोट बुडाशी होतो व तेथेच लोखंडावर सर्वांत अधिक ताण पडतो. या जाड बुडाजवळ, बहुधा उजव्या अंगास, एक बारीक छिद्र असते. त्याला बंदुकीचा कान म्हणतात. एक तोंड बंद, बूड जाड आणि बुडाजवळ कान, या तीन खुणा एकत्र आढळल्या म्हणजे ती बंदुकीची नळी समजावी.

नळीखेरीज आणखी काही भाग सर्व प्रकारच्या बंदुकींत असतात. नळी ज्यात बसविलेली असते तो लाकडी दस्ता. तोंडाजवळचा बारीक उंचवटा ती माशी, तिच्यावरून नेम धरतात. नळीखाली दस्त्यातील खोबणीत सरकवून ठेवलेला तो गज. आणि बोटाने ओढावयाचा तो चाप. लाकूड वाळवीने खाल्ले जाते आणि गज हरवतो. म्हणून बहुधा लोखंडी भागच हाती लागतात आणि त्यांवरूनच बंदुकीची जात ठरवावी लागते.

ही जात ठरविण्याचे सूत्र सोपे आहे. दारू नळीच्या आत आणि विस्तव बाहेर, अशी या बंदुकीची अडचण असते. तो विस्तव कानाच्या वाटेने आत कसा गेला, एवढा एकच प्रश्न आपण विचारावा. या प्रश्नाला कारागिरांनी निरनिराळ्या काळी तीन उत्तरे दिली. त्या तीन उत्तरांवरून बंदुकीच्या तीन मुख्य जाती झाल्या.

पहिले उत्तर जळत्या तोड्याचे. तोडा म्हणजे सुताची वळलेली व शोरा लावलेली दोरी. ती भडकत नाही, पण बराच वेळ धुमसत राहते. कानाच्या बाहेर एक लहानशी वाटी असे. तिच्यात बारीक दारू घालीत. तिला रंजक म्हणत. चाप ओढला की तोडा धरलेला लोखंडी आकडा पुढे झुकून रंजकीवर टेके, रंजक भडके आणि तिची ज्वाला कानातून आत शिरून बार उडे. ही तोड्याची बंदूक. या देशात ती सोळाव्या शतकात प्रचारात आली आणि पुढे सुमारे तीनशे वर्षे टिकली. हिच्या देशी घडणीची लक्षणे स्पष्ट आहेत. आकडा दस्त्याच्या आतील फटीतून वर येतो; दस्त्याच्या दोन्ही अंगांस लांब लोखंडी पट्ट्या असतात; चाप पुष्कळदा पानाच्या आकाराचा असतो; आणि नळी दस्त्याला तारेच्या अथवा चामड्याच्या वेढ्यांनी बांधलेली असते. वाटीवर सरकते झाकण असते, आणि कान साफ करण्याची सुई कधीकधी साखळीने अडकविलेली आढळते. तेव्हा नळीच्या बुडाशी वाटी दिसली आणि जवळ दुबेळके असलेला वाकडा आकडा सापडला, तर ती तोड्याची बंदूक असे मानण्यास हरकत नाही.

या बंदुकीचे दोष उघड आहेत. पावसात तोडा विझे, अंधारात त्याचे निखारे शत्रूला दिसत, आणि दारूच्या पिशवीशेजारी सतत विस्तव बाळगावा लागे. हे दोष टाळण्यासाठी दुसरे उत्तर पुढे आले, ते गारगोटीचे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोट्या सापडतात. त्यांचे सुंदर नमुने सिन्नर येथील खनिजांच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. अशा जातीचा कठीण दगड पोलादावर आपटला की ठिणगी पडते. या बंदुकीत आकड्याच्या जागी जबडा असलेला घोडा आला. जबड्यात दगड पकडून तो स्क्रूने आवळीत. घोड्यासमोर एक उभी पोलादी पट्टी असे. तीच वाटीचे झाकणही होई. घोडा पडला की दगड पट्टीवर घासे, झाकण उघडे आणि ठिणग्या रंजकीवर पडत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अशा बंदुका फार मोठ्या प्रमाणावर होत्या. त्यांपैकी पुष्कळांची नळी ३९ इंच लांब व तिचे तोंड सुमारे पाऊण इंच रुंद असे. कंपनीने १८०८ पर्यंत आपल्या बंदुकांच्या कळीवर हृदयाच्या आकाराची, आत अक्षरे असलेली मुद्रा उमटविली; त्यानंतर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह तिच्या जागी आला. अशी मुद्रा मिळाली म्हणजे काळाचा अदमास बांधण्यास मोठेच साहाय्य होते.

तिसरे उत्तर टोपीचे. आघाताने पेटणारा पदार्थ बंदुकीत वापरण्याच्या युक्तीचे एकस्व अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ साली मिळविले. पुढे असा पदार्थ तांब्याच्या चिमुकल्या टोपीत भरू लागले. या बंदुकीत वाटीही नाही आणि रंजकही नाही. कानाच्या जागी एक पोकळ पोलादी बोंडी बसविलेली असते. बोंडीवर टोपी घालावयाची आणि घोडा तिच्यावर हातोड्यासारखा पडावयाचा. म्हणून या घोड्याला जबडा नसतो; त्याचे तोंड बोथट व आतून किंचित खोलगट असते. १८५३ च्या नमुन्याची सुप्रसिद्ध एन्फील्ड बंदूक याच जातीची होती. तिची नळी दस्त्याला तीन लोखंडी कड्यांनी जखडलेली असे आणि नळीच्या आत पेचदार खाचा असत. १८५७ साली जिच्या काडतुसांवरून शिपायांत असंतोष भडकला, ती हीच बंदूक.

मात्र एकाच खुणेवर निर्णय देऊ नये. चांगली नळी महाग असल्यामुळे कारागीर ती टाकून देत नसत. गारगोटीच्या बंदुकीची वाटी काढून तेथे बोंडी बसवीत व जुनी नळी पुन्हा कामास आणीत. देशी कारागीर कंपनीच्या मुद्रांची नक्कलही करीत. म्हणून नळी एका काळातील आणि घोडा दुसऱ्या काळातील असे पुष्कळदा आढळते. कानाजवळ जुने छिद्र बुजविल्याची खूण दिसते का, दस्त्यात निरुपयोगी झालेली खाच आहे का, हे बारकाईने पाहावे.

हे तुकडे ओळखण्याला आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्व आहे. नारोशंकरांनी अठराव्या शतकात मोसम नदीच्या काठी बांधलेला मालेगावचा किल्ला १८१८ च्या मे-जून महिन्यांत अरब शिबंदीने इंग्रजांविरुद्ध सुमारे महिनाभर लढविला. किल्ल्यातील दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन तट ढासळला आणि मग तो पडला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर-शिंगोटे गावाजवळ भागोजी नाईक यांच्या भिल्लांशी झालेल्या लढाईत लेफ्टनंट हेन्री हा इंग्रज अधिकारी ठार झाला. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. पुस्तकांत सेनापतींची नावे राहतात. ज्या सामान्य शिपायाने, पहारेकऱ्याने अथवा शेतकऱ्याने बंदूक हाती धरली त्याचे नाव कोठेच नसते. त्याच्या हातातील वस्तू एवढाच त्याचा अवशेष असतो. तो मोडीत गेला तर त्या माणसाची अखेरची खूण पुसली जाते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुनी बंदूक रिकामीच असेल असे कधीही समजू नये. रात्री चोर येईल किंवा शेतात रानडुक्कर शिरेल म्हणून पुष्कळ घरांत बार भरूनच बंदूक टांगून ठेवीत. भरणारा माणूस निघून जाई आणि बार आत तसाच राही. शोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून नळी सापडताच तिचे तोंड कोणाकडेही करू नये, तोंडात डोकावू नये, चाप ओढून पाहू नये आणि तिला विस्तवाजवळ नेऊ नये. नळी कापण्याचा किंवा तापविण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. जाणकार माणूस नळीची आतील व बाहेरील लांबी गजाने ताडून पाहतो. दोहोंत बुडाच्या जाडीपेक्षा अधिक अंतर पडले तर आत बार असल्याचा संशय येतो. पण हे काम जाणकाराचे आहे, मुलांचे नव्हे. मुलांनी वस्तू आहे तेथेच ठेवून वडीलधाऱ्यांना सांगावे आणि त्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. बंदूक बाळगण्यास आजही कायद्याने परवाना लागतो, म्हणून अशी वस्तू घरात लपवून ठेवणे सर्वथा अयोग्य होय.

आणखी एक पथ्य सांगितले पाहिजे. गंज दिसला की वीट, राख किंवा कानस घेऊन वस्तू घासण्याचा मोह होतो. त्याने लोखंड चकाकते खरे, पण त्यावरील मुद्रा, अक्षरे आणि कारागिराच्या खुणा कायमच्या नष्ट होतात. गंजलेली पण खुणा राखलेली नळी अभ्यासकाला घासून लखलखीत केलेल्या नळीपेक्षा शतपट मोलाची वाटते. वस्तू कोणत्या गावी, कोणत्या वाड्यात, कोणत्या जागी सापडली याची नोंद त्याच दिवशी करून ठेवावी. जागेची माहिती हरवली की वस्तूची निम्मी किंमत गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे मांडलेली आहेत. तेथे गेल्यावर नुसत्या नक्षीकडे न पाहता प्रत्येक बंदुकीच्या बुडाकडे पाहावे आणि मनाशी विचारावे, की हिच्यात विस्तव कोणत्या वाटेने आत गेला?

आपल्या बोलीत ‘नेम धरणे’, ‘बार उडविणे’, ‘फुसका बार’ असे शब्द अजून जिवंत आहेत. दारू दमट झाली की आवाज न होता नुसता धूर निघे. तो फुसका बार. शब्द आपण जपले आहेत; ज्या वस्तूंशी ते निगडित आहेत, त्या वस्तूही तितक्याच काळजीने जपल्या पाहिजेत.

अभ्यास

१. साधा नळ आणि ठासणीच्या बंदुकीची नळी यांतील भेद सांगा.
२. तोडा, गारगोटी आणि टोपी यांच्या बंदुकांत विस्तव आत कसा जात असे, ते आकृती काढून स्पष्ट करा.
३. एकाच खुणेवरून बंदुकीचा काळ का ठरवू नये?
४. जुनी बंदूक सापडल्यास कोणती काळजी घ्याल? कारणांसह लिहा.