लांबची सायकल आणि पायातलं बळ

आपल्या गटातल्या कितीतरी जणी रोज दहा-बारा किलोमीटर सायकल मारतात. कुणी दूध घालायला, कुणी कामाला, मुली कॉलेजला. संध्याकाळी गुडघा दुखतो, कंबर भरून येते. मग घरचे म्हणतात, "सोड ती सायकल." पण सायकल सुटली की मुलीचं कॉलेज सुटतं, बाईचं जाणं-येणं दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहतं. म्हणून आम्ही म्हणतो, सायकल सोडू नका, पायाला बळ द्या.

"रोज सायकल चालवतो, तो व्यायाम नाही का?" आहे ना. त्याने दमसास वाढतो. पण मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवलं तर तासाला ३,६०० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला जोर थोडाच लागतो, आणि पाय एकाच चाकोरीत फिरतो. त्याने स्नायूची ताकद फारशी वाढत नाही. अंगाचा बराच भार सीटवर असतो, त्यामुळे हाडांनाही बळ मिळत नाही. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, तेव्हा हे ध्यानात ठेवायलाच हवं.

वीस किलोचं पोतं उचलणारीला दहा किलो हलकंच वाटतं. तसंच पायाचं आहे. ताकद वाढली की तोच चढ सोपा जातो, पाय उशिरा थकतात. नॉर्वे देशात संशोधकांनी खेळाडू बायकांकडून ११ आठवडे, आठवड्यातून दोनदा, पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. नंतर तीन तास सायकल चालवून झाल्यावरही शेवटची पाच मिनिटं त्या आधीपेक्षा जास्त जोर लावू शकल्या.

"शेतात राबतो तेवढं पुरे नाही का?" खुरपताना तासन्‌तास वाकून एकच काम होतं. त्याने अंग शिणतं. ताकद वाढायला वजन बेताबेताने वाढवावं लागतं आणि मधे विश्रांती लागते.

चार व्यायाम सांगतो. एक, खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. दोन, ओट्याच्या पायरीवर एकेका पायाने चढायचं-उतरायचं. तीन, उताणं निजून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची. चार, भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. प्रत्येक दहा वेळा, असे तीन फेरे. फेऱ्यांमध्ये दोन मिनिटं थांबा. उठताना श्वास सोडा, रोखू नका. सोपं वाटू लागलं की पिशवीत दोन किलो धान्य घेऊन करा, पुढे तीन, मग चार. सोमवार आणि गुरुवार असे दोनच दिवस पुरेत.

सीटही तपासा. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं.

गरोदर असाल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, अंग बाहेर येत असेल किंवा बीपी जास्त असेल, तर आधी नर्सताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. सांध्यात कळ आली तर लगेच थांबा.

गटाच्या बैठकीला सगळ्या जमतोच. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं हे करून बघू या. सासूबाईंनाही सोबत घ्या. खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम त्यांच्याही कामाचा आहे.